उपग्रहाचं इंटरनेट गावात आलं, तर डिश कोणाच्या नावावर घ्यायची?

अक्राणी_मास्तर
१० डिसेंबर २०२५, रात्री ९:५०

आमच्या आश्रमशाळेच्या मागे उतारावर महूचं झाड आहे. त्याच्या एका फांदीवरून नायलॉनची दोरी सोडली आहे आणि टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आहे. पिशवीत फोन ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, दोरी ओढून फोन दहा-बारा हात वर न्यायचा आणि खाली दगडावर बसून दुसऱ्या फोनवर काम उरकायचं. दरीपलीकडच्या टॉवरची एक काडी तेवढ्या उंचीवरच येते. ओटीपी वरच्या फोनवर येतो, म्हणून दोरी सैल करून तो खाली घ्यायचा, आकडे वाचायचे, परत वर चढवायचा. तोवर वेळ संपलेली असते. गेल्या जूनमध्ये दहावी झालेल्या एका मुलीचा प्रवेशाचा अर्ज भरायला मला चार संध्याकाळी लागल्या.

रेशनचं मशीन घेऊन दुकानदार टेकडीवर जातो. त्याच्यामागे कार्डवाले जातात, त्यात म्हाताऱ्या बायाही असतात. अंगठा टेकडीवर लावायचा आणि धान्य घ्यायला पुन्हा खाली उतरायचं.

५ नोव्हेंबरला राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम ही नावं आहेत. आमच्या नंदुरबारचं नाव चांगल्या कामासाठी ऐकून खरंच आनंद झाला. मग परवा, ८ तारखेला, महिन्याला ८,६०० रुपये आणि डिशचे ३४,००० असे आकडे सगळ्यांच्या फोनवर फिरले. कंपनीनं लगेच सांगितलं की ती चाचणीची माहिती चुकून दिसली, दर अजून ठरलेले नाहीत. पण पाड्यावर चर्चा सुरू झाली ती झालीच. एका पालकानं विचारलं, "गुरजी, माझी वर्षाची मजुरी आणि हे बिल, जास्त काय?"

इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. हे तंत्र आमच्यासारख्या डोंगरात खरंच चालेल का? आणि चाललं, तर आम्ही ते कुठल्या रीतीनं घ्यावं?

---

सिग्नलवाला
१० डिसेंबर, रात्री ११:२०

गुरुजी, मी व्हीसॅटच्या, म्हणजे छोट्या डिशवरून उपग्रहाशी जोडणी करायच्या कामात चोवीस वर्षं काढली. माझं गाव नारायणगावाजवळ. शेजारच्या आर्वीला १९७१ साली देशातलं परदेशी दळणवळणाचं पहिलं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, त्याची प्रचंड डिश बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

आधी जुनं आणि नवं यातला फरक सांगतो. जुना दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तो एका जागी थांबलेला दिसतो, म्हणून डिश एकदा रोखली की काम झालं. पण तुमचा निरोप वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी पाव सेकंद. यंत्रांचा वेळ धरून सहाशे मिलिसेकंद सहज होतात. सहाशे म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण एखादं सरकारी पोर्टल उघडताना फोन आणि सर्व्हर यांच्यात पान दिसायच्या आधीच चार-पाच वेळा विचारपूस होते. पत्ता शोधायचा, ओळख पटवायची, कुलूप-किल्ली ठरवायची. प्रत्येक विचारपुशीला सहाशे मिलिसेकंद, म्हणजे तीन सेकंद तर कोऱ्या पानातच गेले. मग चित्रं, बटणं, यादी, प्रत्येकाची आणखी ये-जा. वेग चांगला असूनही पान रखडतं ते यामुळे.

नवे उपग्रह खूप खाली फिरतात, स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर आणि वनवेब या दुसऱ्या कंपनीचे १,२०० वर. आकाशातला प्रवास मिलिसेकंदांत मोजण्याइतका उरतो आणि सगळं धरून २५ ते ६० मिलिसेकंदांत उत्तर येतं. फायबरच्या जवळपासच म्हणा. मात्र एवढ्या खालचा उपग्रह काही मिनिटांतच डोक्यावरून निघून जातो, म्हणून हजारो उपग्रह लागतात आणि डिशला सतत एकाकडून दुसऱ्याकडे वळावं लागतं. नवी डिश हे न हलता, विजेनं किरण वळवून करते. किंमत चढते ती त्या डिशमुळेच.

मधल्या उंचीचाही एक पर्याय आहे. ८,००० किलोमीटरच्या आसपास एसईएस कंपनीचे उपग्रह आहेत, त्यांना दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. जिओनं २०२३ मध्ये त्यांच्याच आधारानं गीर, कोरबा, नबरंगपूर आणि जोरहाट ही ठिकाणं जोडून दाखवली होती.

डोंगराचं उत्तर असं, की डिशला क्षितिजापासून पंचवीस-तीस अंशांच्या वरचं आकाश सगळ्या बाजूंनी मोकळं हवं. एखादी फांदी आड आली तर नेट कायमचं बंद पडत नाही, पण दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंद तुटतं. यूट्यूबला ते कळणार नाही, व्हिडिओ कॉलला आणि ऑनलाइन परीक्षेला मात्र नक्की कळेल. आणखी एक गोष्ट. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह ५३ अंश कललेल्या कक्षेत आहेत, त्यामुळे त्यांची गर्दी युरोपच्या अक्षांशांवर होते. आपल्या २१ अंशांवर ते विरळ असतात. तिकडचे अनुभव जसेच्या तसे इकडे लावू नका.

---

मीनल_भामरागड
११ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गुरुजी, तुमचं महूचं झाड वाचून गलबलून आलं. आमच्याकडे झाडाऐवजी पाण्याची टाकी आहे, एवढाच फरक.

माझा मुद्दा पावसाळ्याचा. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागड तालुक्याचा आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो. त्याच दिवशी वीज जाते. टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग तोही गप्प. रस्ता, वीज आणि फोन आमच्याकडे एकत्रच जातात, आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांची गरज असते.

ई-संजीवनीवर डॉक्टरांना पेशंट दाखवता येतो, ही फार मोठी सोय आहे. पण मी बाळाच्या छातीचा व्हिडिओ दाखवताना चित्र अडकतं. श्वास मिनिटाला किती ते डॉक्टरांना स्वतः मोजायचं असतं आणि अडकलेल्या चित्रात श्वास मोजता येत नाही. मग मी मोजते, फोनवर ओरडून सांगते, ते विचारतात "पुन्हा सांगा". दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता. दोन तास मी टाकीच्या शिडीवर चढ-उतार करत होते. ती वाचली, नावेतून पलीकडे नेली. त्या शिडीच्या पायऱ्या मला अजून स्वप्नात दिसतात.

म्हणून मला मिलिसेकंदांइतकंच एक कळायला हवं. मुसळधार पावसात हे चालेल का, आणि वीज नसताना किती तास?

---

सिग्नलवाला
११ डिसेंबर, दुपारी १:३०

ताई, सरळ सांगतो. घरगुती डिशकडे सिग्नल केयू बँड नावाच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात येतो. त्या लहरींना पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. रिपरिप पावसानं फरक पडत नाही. ढगफुटीसारखी सर आली की वेग घसरतो, काही मिनिटं तुटतोही, सर ओसरली की आपोआप परत येतो. दिवसच्या दिवस बंद, असं होत नाही. पुराच्या काळात टॉवरपेक्षा हे नक्की भरवशाचं, कारण जमिनीवरची तार किंवा मधला टॉवर तुमच्या वाटेत नाही. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळ ज्वालामुखी फुटून समुद्रातली केबल तुटली, तेव्हा तो देश उपग्रहांच्याच आधारावर राहिला होता.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. नेहमीची डिश ५० ते ७५ वॅट घेते. वरचा आकडा धरला तर चोवीस तासांचे १.८ युनिट. सकाळी सहा ते रात्री दहा चालवली तर १.२. घरात असते ती १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण तिला निम्म्याखाली उतरवलं तर ती लवकर मरते. म्हणजे हाती ०.९. दोन बॅटऱ्या आणि एक किलोवॉटचं सोलर असेल तर एक ढगाळ दिवस निभतो. जुलैत पॅनल निम्मीही वीज देत नाही, ते धरूनच चला. लहान आकाराची मिनी डिश २५ ते ४० वॅटवर चालते. ती आपल्याकडे मिळाली तर उपकेंद्रासाठी तीच घ्या.

---

हिशेबी_माणूस
११ डिसेंबर, रात्री १०:१०

मला या सगळ्यात काळजी वेगळी वाटते. भारतनेटची कल्पना २०११ ची. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. २०२३ मध्ये सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. न पोहोचलेल्या २४,६८० गावांना फोर-जी द्यायची योजना २०२२ ची. हा पैसा आपला आहे आणि ही कामं व्हायलाच हवीत. "आता उपग्रह आला, फायबरची काय गरज" असं कोणी म्हणू लागलं, तर त्या गावांचं कायमचं नुकसान होईल. फायबर एकदा पडलं की तीस वर्षं गावाचं. उपग्रहाचं नेट बिल भरेपर्यंतच.

आणि उपग्रहाची क्षमता सगळ्यांत वाटून जाते. जुलैमध्ये दूरसंचार राज्यमंत्री म्हणाले होते की स्टारलिंकला भारतात २० लाखांपर्यंतच ग्राहक घेता येतील. देशात साधारण ६ लाख ४० हजार गावं. शहरात एकही जोडणी दिली नाही असं धरलं, तरी गावामागे तीन. या तीन कोणाच्या घरावर लागणार? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्याच. गुरुजी, तुमच्या मथळ्यातला प्रश्न म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

---

नैरोबीकर
१२ डिसेंबर, रात्री १२:४०

केनियात सोळा वर्षं आहे. इथे स्टारलिंक जुलै २०२३ मध्ये आलं, त्यामुळे तुमच्या पुढच्या दोन वर्षांत काय होऊ शकतं ते डोळ्यांनी बघितलंय.

सुरुवातीला डिशची किंमतच एवढी होती की लॉज, शेतमळे आणि परदेशी संस्था यांनीच घेतली. खरा बदल २०२४ मध्ये झाला. डिश महिन्याला १,९५० शिलिंग भाड्यानं मिळू लागली आणि ५० जीबीचा १,३०० शिलिंगचा प्लॅन आला. शिलिंग आपल्या सत्तर पैशांच्या आसपास धरा. म्हणजे दोन्ही मिळून सव्वादोन हजार रुपये. इथले जुने मोबाइलवाले हादरले आणि त्यांनीही वेग वाढवले. स्पर्धेचा हा फायदा ज्यांनी डिश घेतली नाही त्यांनाही मिळाला.

पण लगेच दुसरी बाजू दिसली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबी आणि शेजारच्या काउंट्यांत नवीन जोडण्या बंद. क्षमता संपली. कित्येक महिने बंदच होत्या, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्या. ज्या शहरात फायबर होतं तिथेच उपग्रहाची जागा आधी भरली! हिशेबी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर.

माझं काम उत्तरेकडे, तुर्काना भागात असतं. तिथे चालताना बघितलेली रीत सांगतो. एक डिश दुकानावर. दुकानदार तासाचे किंवा दिवसाचे पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून घेतो आणि पासवर्ड देतो. दुकानाबाहेर बाकडी टाकलेली. कॉलेजची पोरं, बकऱ्यांचे भाव बघणारे, सगळे तिथे. घरोघरी डिश कोणाला परवडत नाही आणि लागतही नाही.

शेजारच्या भूतानचे दर बघा, त्यांचं चलन आपल्या रुपयाएवढंच आहे. तिथे हलका प्लॅन ३,००० आणि नेहमीचा ४,२०० न्गुल्त्रुम. एका घराला जड, पण चाळीस घरांत वाटले तर शंभराच्या आसपास.

---

अक्राणी_मास्तर
१२ डिसेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मीनलताई, तुमची पोस्ट मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

सिग्नलवाला काका, एक विचारायचं राहिलं. दहा वर्षांपूर्वी जवळच्या एका कार्यालयाच्या गच्चीवर डिश बसवली होती. सहा महिने चालली. नंतर माकडांनी केबल तोडली. कळवायचं कोणाला हेच कोणाला माहीत नव्हतं. आज त्या डिशवर मिरच्या वाळतात. नव्या डिशचं असं होऊ नये म्हणून काय करावं?

---

सिग्नलवाला
१३ डिसेंबर, सकाळी ८:००

गुरुजी, माझ्या चोवीस वर्षांचं सार तुम्ही एका ओळीत सांगितलंत. मी बसवलेल्या डिशपैकी ज्या बंद पडल्या, त्यातल्या फार थोड्या उपग्रहामुळे. बाकी सगळ्या केबल, उंदीर, वीज, न भरलेलं बिल आणि बदलून गेलेला माणूस यामुळे.

१९७५-७६ मध्ये इस्रोनं साइट नावाचा प्रयोग केला होता. सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही. त्यात महाराष्ट्र नव्हता. आमच्या धंद्यातले जुने लोक त्या प्रयोगाचं कौतुक करतात ते दुरुस्तीच्या व्यवस्थेमुळे, गावातला संच बंद पडला की तिथवर माणूस जात असे. पण दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. तो उपग्रह अमेरिकेचा होता, वर्षासाठी मागून आणलेला. वर्ष संपलं, त्यांनी तो परत नेला, गावांचे पडदे काळे झाले. म्हणून वनवेबमध्ये आपली एअरटेलवाली भारती असणं आणि तिचे ७२ उपग्रह २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेटनं जाणं मला फार मोलाचं वाटतं. वनवेब घरगुती ग्राहक घेत नाही. टॉवर, संस्था, मोठी ठिकाणं हे तिचं काम. डोंगरातल्या छोट्या टॉवरला मागून उपग्रहाची जोड दिली तर लोकांना साध्या फोनवर रेंज मिळते, नवीन काही घ्यावं लागत नाही. रेशनच्या टेकडीचा प्रश्न मला तसाच सुटताना दिसतो.

आणि जुन्या उपग्रहाला टाकाऊ समजू नका. इस्रोचे जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ दोन्ही २०१८ साली अवकाशात गेले, ते अजून दुर्गम ग्रामपंचायती जोडतात. रेशनच्या अंगठ्याला सहाशे मिलिसेकंद चालतात. मीनलताईंच्या व्हिडिओला चालत नाहीत. जिथे माणूस माणसाशी बोलतो तिथे खालचा उपग्रह द्या, जिथे मशीन मशीनशी बोलतं तिथे जुना पुरे.

---

खोडदची_चांदणी
१३ डिसेंबर, दुपारी ४:४५

या धाग्यात माझं बोलणं कदाचित वेगळं वाटेल, पण सांगायला हवं. मी आकाशनिरीक्षण करते, घर खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपासून जवळ. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीनं २०२४ मध्ये मोजून दाखवलं की स्टारलिंकच्या नव्या उपग्रहांमधून कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरी नकळत गळतात, आधीच्या पिढीपेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त. जीएमआरटी त्याच पट्ट्याच्या आसपास ऐकते. मीनलताईंचं बाळ आधी, यात मला शंका नाही. पण परवानगी देताना या गळतीची मर्यादा लिहून घेता येते, आणि ती मागणी आपल्याच राज्यातून जायला हवी.

---

हिशेबी_माणूस
१३ डिसेंबर, रात्री ११:००

अगदी पटलं. पैशांबद्दल दोन गोष्टी भर घालतो. दूरसंचार नियामक ट्रायनं ९ मे २०२५ च्या शिफारशींत उपग्रह कंपन्यांकडून महसुलाच्या ४ टक्के स्पेक्ट्रम शुल्क सुचवलं आणि शहरातल्या प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा. गावातल्या ग्राहकावर हा जादा बोजा नाही. हेतू चांगला आहे, पण वर्षाचे ५०० वाचल्यानं गरीब पाड्याचं बिल हलकं होत नाही. बिलाला घरं जोडली तरच होतं.

दुसरं, नैरोबीकरांच्या दुकानासारखी सोय आपल्याकडे कायदेशीर मार्गानं आहे. पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची योजना, २०२० ची. गावातलं दुकान किंवा बचत गट सार्वजनिक डेटा कार्यालय होऊ शकतो, वेगळा परवाना लागत नाही. पाच-दहा रुपयांची कुपनं विकायची. आणि गुरुजी, तुमची ग्रामपंचायत पेसातली, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या कायद्यातली असणार. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के थेट निधी तुम्हाला येतो. ग्रामसभेत मांडा.

---

अक्राणी_मास्तर
२२ डिसेंबर, रात्री ८:३०

काल पाड्यावर ग्रामसभा झाली. साठ-सत्तर माणसं होती, बाया निम्म्याहून जास्त. मी हा धागा पावरी बोलीत समजावून सांगितला, जमेल तसा. काय ठरलं ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर बरंच.

सेवा सुरू झाली आणि दर कळले की डिश एकच घ्यायची, ग्रामपंचायतीच्या नावावर. बसवायची शाळेत, कारण सोलर आणि दोन खोल्यांना कुलूप तिथेच आहे. शाळा आणि आरोग्य यांना वापर फुकट, बाकीच्यांना कुपन. कुपन महिला बचत गट विकणार आणि दर महिन्याचा हिशेब फळ्यावर लिहिणार. एका आजीनं विचारलं, "पैसे कमी जमले तर?" त्यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं. पहिल्या सहा महिन्यांचं बिल आधीच बाजूला काढल्याशिवाय डिश आणायचीच नाही, असं तिनंच सुचवलं आणि ते लिहून घेतलं. थेट निधीतून काय बसतं ते ग्रामपंचायत अधिकारी विचारून सांगणार आहेत.

देखभालीला दोघं. एक आमचे कामाठी, त्यांची बदली होत नाही. दुसरी बारावी झालेली पाड्यातलीच मुलगी. केबल लोखंडी नळीतून न्यायची, माकडांसाठी. मीनलताई, रात्री दहानंतर डिश बंद ठेवायची असं चाललं होतं, पण तुमची पोस्ट आठवून आशाताईंकडे एक किल्ली द्यायचं ठरलं. त्या कधीही उघडून चालू करतील.

जागेचा प्रश्न नववीच्या पोरांनी सोडवला. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा आणि दोऱ्याला खडा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून एक डोळा मिटून झाडाचा शेंडा बघायचा आणि दोरा नव्वदपासून किती अंश सरकतो ते दुसऱ्यानं वाचायचं. मैदान, व्हरांडा, पाण्याची टाकी, तिन्हीकडून आठही दिशांना मोजलं. मैदानातून महू बेचाळीस अंशांपर्यंत वर येतो. तो तोडायचा नाही हे कोणी बोलायची गरजच पडली नाही. टाकीवरून सगळीकडे पंचविसाच्या आत, फक्त नैर्ऋत्येला सागाचा एक शेंडा एकतीसवर. काका, टाकीवर आठ फुटी पाइप धरला तर तो शेंडा खाली जाईल ना? पोरांनी वहीत आकृती काढून ठेवली आहे. उद्या झाडावरून फोटो पाठवतो.